आजीचं तूप कचऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून: विमानाच्या हँडबॅगेत पातळ पदार्थ नेण्याचे नियम

माझा पुतण्या पहिल्यांदा जर्मनीला शिकायला निघाला, तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आठ-दहा दिवसांची साय साठवून तूप कढवलं. चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर देऊन विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत बरणी फुटेल म्हणून ती त्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवली, वरून टॉवेल गुंडाळला. लातूरहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून विमानतळ. सिक्युरिटीच्या मशीनमधून सॅक गेली, बाजूला काढली गेली, बरणी बाहेर आली आणि शेजारच्या डब्यात पडली. पोराने मला फोन करून सांगितलं, आजीला नाही. आत्याबाईंना आजही वाटतं की ते तूप त्याने महिनाभर पुरवून पुरवून खाल्लं.

तेव्हापासून घरातलं, गल्लीतलं, शाळेतल्या सहकाऱ्यांच्या लेकरांचं परदेशी जाण्याचं सामान बांधायला मी स्वतःहून जाते. आपल्याकडे आता घरटी कुणी ना कुणी बाहेर निघालंय आणि बहुतेकांचा तो आयुष्यातला पहिला विमानप्रवास असतो. नियम अवघड नाहीत. ते विमानतळावर कळतात, हीच खरी अडचण. तिथे पोचल्यावर हातात वेळ नसतो आणि मागे रांग असते.

आधी नियम कुठून आला ते

ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांनी एक कट उघडकीला आणला. लंडनहून अमेरिकेकडे जाणारी विमानं हवेत उडवायची आणि त्यासाठी शीतपेयाच्या बाटल्यांतून पातळ स्फोटकं न्यायची, असा तो बेत होता. त्या वेळच्या एक्स-रे मशीनला बाटलीतलं पाणी आणि बाटलीतलं स्फोटक यांतला फरक ओळखता येत नव्हता. सुरुवातीला हातातल्या सामानात पातळ काहीच नेऊ देत नव्हते. त्याच वर्षी पुढे १०० मिलीची मर्यादा आली आणि ती जगभर पसरली. आपल्याकडे विमान सुरक्षेचे नियम ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी ठरवते आणि मोठ्या विमानतळांवर ते सीआयएसएफचे जवान अमलात आणतात. हे सांगायचं कारण एवढंच, की ट्रेजवळ उभ्या असलेल्या जवानाशी "अहो, घरचं तूप आहे" असं म्हणून काही उपयोग नसतो. ते घरचं आहे हे त्यालाही दिसतं. त्याला बाटलीचं माप बघायचं असतं.

पहिली पायरी: पातळ म्हणजे काय ते ठरवा

इथेच सगळे चुकतात, म्हणून इथे थोडं थांबते. पाणी, तेल, सरबत, शाम्पू हे पातळ, हे सगळ्यांना कळतं. पण सुरक्षेच्या हिशेबात द्रवाबरोबर जेल, पेस्ट, क्रीम आणि स्प्रेसुद्धा येतात. मी सोपी खूण सांगते. जे भांड्यात ओतलं किंवा थापलं की भांड्याचा आकार घेतं, पसरतं किंवा बोटाने उचलून माखता येतं, ते पातळ समजा.

या खुणेने बघितलं की आपल्या स्वयंपाकघरातलं निम्मं प्रेम पातळात निघतं. तूप (थंडीत दगडासारखं थिजलं तरी), करडईचं घाण्याचं तेल, मध, काकवी, लोणचं, गुळांबा, मोरांबा, मिरचीचा ठेचा, ओली चटणी, दही, श्रीखंड, आमरस, पाकातले गुलाबजाम. बाथरूममधून टूथपेस्ट, खोबरेल तेल, फेसवॉश, शेव्हिंग क्रीम, बॉडी स्प्रे, अत्तर, सॅनिटायझर. औषधाच्या डब्यातून बाम आणि पातळ काढे. बामची लहान डबी १०० मिलीच्या आतच असते, तिला कुणी अडवत नाही. फक्त ती पातळांच्या पिशवीत ठेवायची.

आणि हे पातळ नाही: धपाटे, पुरणपोळ्या, डिंकाचे लाडू, तिळाची पोळी, चिवडा, कोरडे पेढे, साबणाची वडी. धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीचा पेढा देशातल्या प्रवासात खुशाल हातात न्या. परदेशाचं वेगळं आहे, ते पुढे सांगते.

दुसरी पायरी: बाटलीवरचं माप वाचा, आतलं नको

आंतरराष्ट्रीय प्रवासात हँडबॅगेतल्या प्रत्येक बाटलीची किंवा ट्यूबची क्षमता १०० मिली किंवा त्याहून कमी हवी. क्षमता, म्हणजे बाटलीवर छापलेला आकडा. २०० मिलीच्या शाम्पूत तळाला दोन चमचे राहिला असेल तरी ती बाटली २०० मिलीचीच. "अर्धीच आहे" हे कुणी ऐकून घेत नाही, कारण किती अर्धी ते मोजत बसायला तिथे कुणाला वेळ नसतो. टूथपेस्टवर बहुतेकदा ग्रॅम लिहिलेले असतात. तिथे १०० ग्रॅमच्या आतली ट्यूब घ्या.

मग या सगळ्या लहान बाटल्या एका पारदर्शक, तोंड उघडून परत बंद करता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बसवायच्या. पिशवी साधारण एक लिटरची, म्हणजे अंदाजे २० बाय २० सेंटीमीटरची. माणशी एकच. हिशेबाने एका लिटरात शंभरच्या दहा बाटल्या बसायला हव्यात, पण प्रत्यक्षात पाच-सहा बसल्या की पिशवीचं तोंड ओढून लागत नाही. आणि तोंड लागलंच पाहिजे. लेकराचं वेगळं तिकीट असेल तर त्याचीही एक पिशवी धरता येते.

अशा पिशव्या आणि रिकाम्या बाटल्या लातूरच्या गंजगोलाईत, संभाजीनगरच्या गुलमंडीत किंवा कुठल्याही प्लॅस्टिकच्या दुकानात मिळतात. बाटलीवर क्षमता छापलेली असेल तीच घ्या. कोरी बाटली घेतली तर ती शंभरची आहे हे सिद्ध करायचं काम तुमच्यावर येतं. बाटलीत काय भरलंय त्याची चिठ्ठी चिकटवा, खोबरेल आणि सॅनिटायझर दिसायला सारखेच.

तिसरी पायरी: घरातच दोन ढीग करा

निघायच्या आदल्या दिवशी नाही, चार दिवस आधी. सतरंजी अंथरा, सगळं सामान मांडा आणि दोन ढीग करा: हातातलं आणि चेक-इनचं. शंभर मिलीच्या वरचं पातळ सगळं चेक-इनच्या ढिगात. शंका असेल तेही चेक-इनच्या ढिगात. आत्याबाईंची भीती खोटी नव्हती, चेक-इनची बॅग आदळते. पण सांडण्यावर घरात उपाय करता येतो. ट्रेमध्ये अडकलेल्या बरणीवर तिथे काहीच उपाय नसतो.

काच नको. जाड प्लॅस्टिकची, आट्यांच्या झाकणाची बाटली घ्या. झाकणाखाली तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ताणून बसवा, मग झाकण घट्ट करा, वरून चिकटपट्टी. बाटली दोन पिशव्यांत, आणि त्यावर जुनं लुगडं किंवा टॉवेल गुंडाळून बॅगेच्या अगदी मधोमध, कडेला नाही. तेलाची बाटली काठोकाठ भरू नका, पण लवचीक बाटली असेल तर ती दाबून आतली हवा काढून मगच झाकण लावा. विमान वर गेल्यावर आतला दाब जमिनीपेक्षा कमी होतो, साधारण ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा. तेवढ्याने बाटलीत कोंडलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगू पाहते आणि तेल झाकणातून बाहेर ढकलते. बाटली उभी ठेवली होती तरी तेल आलं कसं, असं लोक विचारतात, त्याचं उत्तर हे.

आपल्या भागातून जाणाऱ्याला आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मुंबईच्या माणसाची बॅग टॅक्सीतून थेट काउंटरवर जाते. नांदेड-परभणीचा माणूस देवगिरी एक्सप्रेसमध्ये रात्रभर बसतो, लातूरचा लातूर एक्सप्रेसमध्ये, बीडचा ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये. बॅग बाकाखाली आडवी होते, वर पाय ठेवले जातात. म्हणून तुपाची बाटली बांधून झाली की ती रात्रभर घरीच उलटी ठेवून बघा. खालच्या कागदावर डाग नाही पडला तरच बॅगेत टाका.

स्टीलच्या डब्याबद्दलही सांगते. आपल्याला स्टीलचा डबा भरवशाचा वाटतो, पण एक्स-रेमध्ये धातू गडद दिसतो आणि आतलं नीट कळत नाही. हँडबॅगेत स्टीलचा डबा असेल तर तो बहुतेक वेळा उघडायला लावतात. लाडू-धपाटे पारदर्शक डब्यात द्या, बघितलं की सुटले.

पातळ नाही, तरी हातात नको

विषय पातळाचा असला तरी याच ढिगातल्या तीन-चार गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आपल्याकडच्या बॅगेत त्या हमखास निघतात.

लाल तिखट हँडबॅगेत चालत नाही. ते डोळ्यांत फेकता येतं, म्हणून. आपलं काळं तिखट आणि येसरही चेक-इनमध्येच ठेवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र कुठेच नकोत, हातात नाही आणि चेक-इनमध्येही नाही. खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून हवाई वाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते. देव्हाऱ्यासाठी दिलेला कापूरही ज्वलनशील, तो घरीच राहू द्या. काडेपेटी आणि लायटर आपल्याकडे दोन्ही बॅगांत बंद. याच्या उलट पॉवर बँक: ती फक्त हातात, चेक-इनमध्ये कधीच नाही.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी भुकटीचाही नियम आहे. २०१८ पासून अमेरिकेकडे येणाऱ्या विमानांत हातातल्या सामानात ३५० मिलीच्या वर भुकटी असेल तर तिची जादा तपासणी होते आणि समाधान झालं नाही तर ती राहते. मेतकूट, भाजणी, सातूचं पीठ ही सगळी भुकटीच. चेक-इनमध्ये टाका आणि विसरून जा.

सूट कशाला आहे

औषध आणि तान्ह्या बाळाचं खाणं-पिणं याला शंभरची अट लागत नाही, पण प्रवासाला लागेल तेवढंच न्यायचं. इन्सुलिन हातातच ठेवा. विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठलं तर वाया जातं. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत हवी, त्यावर तिकिटावरचंच नाव हवं आणि औषध मूळ वेष्टनात हवं. खोकल्याचं औषध शंभरच्या वर असेल तर त्याचीही चिठ्ठी घ्या. गावातल्या वैद्यांनी दिलेला, लेबल नसलेल्या बाटलीतला काढा सुटेल याच्या भरवशावर राहू नका. तो लहान बाटलीत भरा किंवा चेक-इनमध्ये ठेवा.

बाळाचं दूध, उकळून गार केलेलं पाणी, पातळ खिमटी चालते. ती बाहेर काढून वेगळी दाखवायची. कधी आईला घोटभर पिऊन दाखवायला सांगतात, त्यात अपमान मानू नका. माझी एक मैत्रीण नातवाला घेऊन निघाली होती, तिला असं सांगितल्यावर ती रडवेली झाली. आधी माहीत असतं तर तिला तसं वाटलं नसतं, म्हणून लिहिते.

देशातल्या देशात

संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून मुंबई-दिल्लीला किंवा नांदेडहून हैदराबाद-बंगळूरला जाताना हात जरा सैल असतो. पाण्याची बाटली सहसा जाऊ देतात. पण तेल, तूप, लोणचं यांची बरणी हातात असली की देशातही अडवतात आणि शेवटचा शब्द तिथल्या जवानाचा. एकाने जाऊ दिलं म्हणून दुसरा जाऊ देईल असं नाही. मी तर सांगते, देशातही शंभरचीच शिस्त ठेवा.

विशेषतः पुढे परदेशी जाणाऱ्यांनी. चिकलठाण्याला पास झालेली पाण्याची बाटली मुंबईत आंतरराष्ट्रीय तपासणीत पुन्हा ट्रेमध्ये जाते आणि तिथे तिला शंभरचा नियम लागतो. पहिल्या विमानतळावर सुटलो म्हणजे सुटलो, हा समज अनेकांना महाग पडलाय. रिकामी बाटली न्या आणि तपासणी झाल्यावर आत पाण्याच्या नळावर भरून घ्या.

विमानतळावर, क्रमाने

चेक-इनचा काउंटर हा शेवटचा दरवाजा समजा. बॅग पट्ट्यावरून आत गेली की तुमच्याकडे फक्त हातातलं उरतं. म्हणून रांगेत उभं असतानाच एकदा हँडबॅग चाचपा. आजीने निघता निघता कोपऱ्यात सरकवलेली लोणच्याची पुडी, बसमध्ये घेतलेली सरबताची बाटली, खिशातलं अत्तर, सगळं याच वेळी मोठ्या बॅगेत जातं. आमच्याकडे निरोप देताना कुणी रिकाम्या हाताने येत नाही, प्रत्येक जण काहीतरी हातात कोंबतो. ते प्रेमच असतं, पण घर सोडल्यानंतर आलेली प्रत्येक गोष्ट इथे एकदा तपासा.

सोडायला आलेल्यांना आत येता येत नाही. त्यांना गेटवरून लगेच परत पाठवू नका. काउंटरवरचं काम होऊन फोन येईपर्यंत थांबायला सांगा. वजन जास्त भरलं, काही काढावं लागलं, तर तोवर गेटपर्यंत परत येऊन ती वस्तू भावाच्या हातात देता येते. पुढे गेल्यावर बाहेर येणं फार अवघड.

सिक्युरिटीला पातळांची पिशवी हँडबॅगेच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात असू द्या. रांगेत आपला नंबर यायच्या आधी ती काढून हातात धरा आणि ट्रेमध्ये वेगळी ठेवा. लॅपटॉप, मोबाइल, पॉवर बँक हेही वेगळं. जवान काही विचारेल ते हिंदीत किंवा इंग्रजीत विचारेल. एवढंच म्हणायचं, "सर, इसमें दवाई है, ये चिठ्ठी है." बॅग बाजूला काढली तर घाबरू नका, ती तुमच्या देखत उघडतात. तुम्हीच घाईने हात घालू नका, सांगतील तेव्हा काढा.

आतल्या ड्यूटी फ्री दुकानातून अत्तर किंवा इतर बाटली घेतली तर ती शंभरच्या वर असली तरी विमानात नेता येते. ती एका सीलबंद पारदर्शक पिशवीत देतात, आत पावती दिसेल अशी ठेवलेली असते. वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर मुक्कामाला पोचेपर्यंत ते सील तोडू नका. सील तुटलं की ती साधी बाटली झाली, आणि पुढच्या तपासणीत शंभरचा नियम तिला लागतो. अमेरिकेत मात्र उतरताच पहिल्या विमानतळावर चेक-इनची बॅग ताब्यात घ्यावी लागते. तिथून पुढचं विमान असेल तर बॅग पुन्हा देण्याआधी ती बाटली तिच्यात टाकायची.

सिक्युरिटी वेगळी, कस्टम्स वेगळं

सिक्युरिटी बघते की विमानाला धोका आहे का. पोचल्यावर कस्टम्स बघतं की ही वस्तू आमच्या देशात यायला हवी का. पहिल्या दारातून सुटलेली वस्तू दुसऱ्या दारात अडकते. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, ब्रिटनमध्येही भारतातून ते नेता येत नाहीत. म्हणजे आत्याबाईंचं तूप चेक-इनमध्ये घातलं असतं तरी ते जर्मनीला न्यायला नको होतं. हे मला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं आणि फार वाईट वाटलं. पेढे, खवा, श्रीखंड सगळं त्यातच आलं. मध दोन किलोपर्यंत चालतो.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात खाण्याचं जे काही असेल ते फॉर्मवर लिहायचं किंवा तोंडाने सांगायचं. सांगितलं तर फार तर ती वस्तू काढून घेतात. लपवलं आणि सापडलं तर दंड होतो, आणि ऑस्ट्रेलियात तो मोठा असतो. लोणचं न्यायचंच असेल तर कंपनीचं, सीलबंद, घटक इंग्रजीत छापलेलं न्या. घरच्या लोणच्यात काय आहे ते तिथल्या अधिकाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो.

परत येताना

परतीचा विमानतळ वेगळा, नियम तोच धरून चला. परदेशातल्या काही विमानतळांवर आता नव्या पद्धतीचे सीटी स्कॅनर बसलेत. ते बाटलीतलं द्रव्य ओळखतात, त्यामुळे तिथे पिशवी बाहेर काढावी लागत नाही आणि काही ठिकाणी शंभरपेक्षा मोठी बाटलीही चालते. पण तिथे चाललं म्हणून वाटेतल्या दुसऱ्या विमानतळावर चालेल असं नाही. जाताना भरलेली तीच लहान बाटल्यांची पिशवी परतीलाही वापरा.

मक्केला उमरा यात्रा करून येणाऱ्यांनी तिथल्या झमझम विहिरीचं पाणी अधिकृत विक्रीतून, सीलबंद खोक्यातच घ्यावं. पाच लिटरचा तो कॅन वेगळा नोंदवला जातो, कपड्यांच्या बॅगेत घालायचा नसतो. नियम विमान कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून तिकीट काढतानाच विचारून घ्या.

पुतण्या गेल्या दिवाळीला आला होता. परत जाताना आत्याबाईंनी पुन्हा साय साठवायला घेतली, तेव्हा मी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं, पहिल्या बरणीचं सोडून. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग डिंकाचे लाडू जातात का गं?" तुपातले लाडू आहेत, पण दूध-खवा नाही, मी म्हटलं, जातील, पारदर्शक डब्यात द्या. दोन किलो दिले. पोचल्यावर त्याने रिकाम्या डब्याचा फोटो पाठवला, तो त्यांच्या मोबाइलवर अजून आहे.